गेला–मेला या यमकाचं काय करायचं? वर्गात युद्धांवर लिमरिक लिहिताना

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. युद्धांचा भाग आला की मुलं सनावळ्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून यंदा मुलांकडून लिमरिक लिहून घ्यायचं ठरवलं. पाच ओळींची गमतीची कविता. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ लांब आणि एका यमकाची, मधल्या दोन आखूड आणि वेगळ्या यमकाच्या. पाच ओळींत प्रसंग बसवायचा तर तो आधी नीट कळावा लागतो, एवढाच माझा हेतू होता.

सुरुवातीला झांझिबारचं (आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट) युद्ध दिलं. एक पानभर माहिती वाटली. 25 ऑगस्ट 1896 ला झांझिबारचा सुलतान वारला आणि ब्रिटिशांची मान्यता न घेता त्याचा चुलतभाऊ खालिद बिन बर्घश वाड्यात जाऊन बसला. ब्रिटिशांनी त्याला 27 तारखेच्या सकाळी नऊपर्यंत मुदत दिली. नऊ वाजून दोन मिनिटांनी आरमारी तोफा सुरू झाल्या. साधारण अडतीस ते चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं आणि खालिदने जर्मन वकिलातीत आसरा घेतला. इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध म्हणून याचं नाव घेतात.

एका मुलाने दहा मिनिटांत हे लिहून दाखवलं:

खालिदची स्वारी गादीवर आली,
नवाच्या ठोक्याला मुदतही झाली;
  तोफा धडाडल्या,
  भिंती गडगडल्या,
तासाच्या आतच लढाई निकाली!

आमचा तास चाळीस मिनिटांचा असतो. त्यामुळे शेवटच्या ओळीला वर्ग खो खो हसला, मीही हसले. खरंच चांगली जमली होती.

मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, कागदावर खाली लिहिलंय की झांझिबारच्या बाजूचे सुमारे पाचशे जण मेले किंवा जखमी झाले. ते कोण होते?"

तो आकडा कागदावर मीच लिहिला होता. वर्गात कुणीच तो वापरला नव्हता. मला तिला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी वह्या तपासायला बसले तेव्हा आणखी एक गोष्ट खुपली. निम्म्याहून जास्त वह्यांत "गेला" आणि "मेला" होतं. "शिपाई पुढे गेला, गोळी लागून मेला." "राजा पळून गेला, हत्ती मात्र मेला." झांझिबारच्या माहितीत हत्तीचं नावही नव्हतं. यमकासाठी तो बिचारा आला आणि यमकासाठीच मेला.

मुलं निष्ठुर नाहीत, हे मला माहीत आहे. तरी तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. हा उपक्रम पुढे न्यावा का? न्यायचा तर कसा?

मात्रागण

ताई, उपक्रम सोडू नका. वह्यांत जे दिसलं त्यातलं बरंचसं भाषेने करून घेतलं आहे.

इतिहास आपण भूतकाळात सांगतो आणि मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे इतिहासावरच्या पद्यात प्रत्येक ओळ आपोआप -ला, -ली, -ले वर येऊन थांबते. आला, गेला, झाला, मेला. यमक फुकटात मिळतं, आणि त्या चौघांत सर्वांत ठसक्याचा शब्द "मेला" असल्यामुळे मुलं शेवटी तिथेच जातात. मरण ही तिथे घटना उरत नाही, ओळ भरायचं सामान होतं.

उपाय साधा आहे. ओळ क्रियापदावर संपवायची नाही, नामावर संपवायची. फळ्यावर आधी त्या प्रसंगातली नामं लिहून घ्या: तोफ, झेंडा, वाडा, मुदत, घड्याळ, बंदर. त्यांची यमकं मुलांकडूनच काढून घ्या आणि मग लिहायला सांगा. ओळ थोडी अवघड होईल, पण अवघड झाली की विचार सुरू होतो.

आणखी एक सोय सांगतो. एडवर्ड लिअर या इंग्रज कवीचं या प्रकारातलं पुस्तक 1846 साली निघालं आणि तिथून हा प्रकार इंग्रजीत घरोघरी गेला. लिअर पुष्कळदा पाचव्या ओळीला नवं यमक शोधतच नसे. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्दच पुन्हा आणून ठेवायचा. ज्या मुलांना यमक सुचत नाही त्यांना ही मुभा द्या. तोच शब्द परत येतो तेव्हा मधल्या ओळींमुळे त्याचा अर्थ बदललेला असतो.

त्या मुलाच्या कवितेच्या मात्रा (लघु अक्षराची एक, गुरूच्या दोन) ओळीओळीने मोजून पाहिल्या. 20, 20, 10, 10, 20. हिशेब न शिकता कानाने साधलं आहे. त्याची पाठ थोपटा. त्यानेही पहिली दोन यमकं क्रियापदांचीच घेतली आहेत, पण "निकाली" त्याने शोधून आणला आहे आणि कविता त्या शब्दावर उभी आहे.

रानपाखरू

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

यमक बदलून प्रश्न सुटत नाही. "मेला" ऐवजी "झेंडा" आला तरी पाचशे माणसं होती तिथेच राहतात. लिमरिकचा घाटच हसवायचा आहे. ठेका कानावर पडला की ऐकणारा हसायच्या तयारीने बसतो. त्या घाटात युद्ध घातलं की युद्ध हसण्याजोगं होणारच.

चार्ली चॅप्लिनने 1940 साली हुकूमशहाची टर उडवणारा चित्रपट काढला. पुढे 1964 मध्ये आत्मचरित्रात त्याने लिहिलं की छळछावण्यांतली खरी भीषणता तेव्हा माहीत असती तर तो चित्रपट आपल्या हातून झाला नसता. एवढ्या मोठ्या विनोदवीराला जिथे थांबावंसं वाटलं, तिथे चौदा वर्षांच्या मुलांना आपण कशाच्या भरवशावर पुढे ढकलतो आहोत?

जुनी वही

रानपाखरू, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण एक गोष्ट सांगते.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत खेचरांच्या तुकडीत होते. आम्हा नातवंडांना त्यांनी युद्धाच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या एका खेचराच्या. ते चढावर कसं अडून बसायचं, साहेबाची टोपी कशी खायचं, तोफेच्या आवाजाला न दचकता भांडं पडलं की कसं उधळायचं. आम्ही लोळून हसायचो. त्यांच्या तुकडीतले किती परत आले नाहीत, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत काही नावांचा कागद सापडला. नावांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा कळलं की खेचराच्या गोष्टी सांगून ते त्या कागदाशेजारून चालत होते.

पहिल्या महायुद्धातही हेच दिसतं. बेल्जियममधल्या ईप्र शहराचं नाव ब्रिटिश शिपायांना उच्चारता येईना, म्हणून ते त्याला "वायपर्स" म्हणायचे. तिथल्या पडझडीत कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्सच्या तुकडीला एक छापखाना सापडला आणि फेब्रुवारी 1916 मध्ये त्यांनी "द वायपर्स टाइम्स" नावाचं विनोदी वृत्तपत्र सुरू केलं. खोट्या जाहिराती, वरिष्ठांची टवाळी आणि ढीगभर पद्य. पद्य इतकं यायला लागलं की कवितांची साथ पसरली आहे, अशी तक्रार संपादकांनीच छापली. चिखलात उभी राहिलेली माणसं यमकं जुळवत होती. ती युद्धाला हलकं समजत होती, असं कोण म्हणेल?

रानपाखरू

तुमच्या आजोबांचं वाचून गप्प बसले. पण ते हसणं त्यांचं स्वतःचं होतं. ज्याने सोसलं त्याला हसायचा हक्क आहे. वर्गातल्या मुलांनी काही सोसलेलं नाही. त्यांच्या हातात तोच विनोद दिला तर तो तोच राहतो का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

रानपाखरू, हा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला आहे. ज्याने सोसलं नाही त्याचा विनोद कुणाकडे रोखलेला असावा, हे ठरवायला हवं.

झांझिबारची कविता पुन्हा वाचली. तिच्यात माणूस एकच आहे, खालिद. तोफा आपोआप धडाडतात, भिंती आपोआप गडगडतात. मुदत कुणी दिली, तोफा कुणी डागल्या, काही नाही. ज्यांच्या हातात तोफा होत्या ते कवितेतून सुटले. त्या मुलाचा यात दोष नाही, मी दिलेल्या कागदावरही "तोफा सुरू झाल्या" असंच होतं. (वर या धाग्यातही मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं आहे, आत्ता लक्षात आलं.)

तिसरा बाक

बाई, रणांगण सोडून घराकडचं युद्ध घेतलं तर? विनोदाला तिथे खरी जागा आहे, कारण तिथे सरकारी फतवे आणि साधी माणसं समोरासमोर येतात.

ब्रिटनमध्ये 1 सप्टेंबर 1939 पासून अंधारबंदी लागू झाली. रस्त्यावर दिवा नाही, खिडकीतून उजेडाची तिरीप नाही. पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे पांढरे रंगवले. रात्री गुरं रस्त्यावर आली तर मोटारवाल्यांना दिसावीत म्हणून काही शेतकऱ्यांनी गाईंच्या अंगावरही पांढरे पट्टे ओढले. मी कवी नाही, पण यावर हे जमलं:

दिव्यांना बंदी अन् रात्र ती काळी,
गाईच्या पाठीस चुन्याची जाळी;
  झेब्राच म्हणाला,
  "भाऊच मिळाला!"
मोटारी थांबून देतात टाळी.

यात कुणी मेलेलं नाही, कुणाची हेटाळणी नाही, आणि अंधारबंदी म्हणजे काय ते मुलांना जन्मभर लक्षात राहील.

मात्रागण

वा! यमकाची तिन्ही नामं आणि विशेषणं. लांब ओळींच्या शेवटी एकही -ला नाही. फळ्यावर नमुना म्हणून हीच लिहा.

कंदील

तिसरा बाक, कविता सुंदरच आहे. पण "यात कुणी मेलेलं नाही" हे तितकंसं खरं नाही. अंधारबंदीच्या पहिल्या महिन्यात ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. विल्फ्रेड ट्रॉटर हे नामांकित शल्यविशारद. त्यांनी तेव्हा लिहिलं होतं की जर्मन वायुदल एकही विमान न उडवता महिन्याला सहाशे माणसं मारू शकतंय. त्या गाईला पट्टे ओढले ते याच काळजीपोटी.

कविता बदलू नका. मात्र वर्गात ती वाचून झाली की विचारा, गाईला रंगवायची वेळ का आली? मुलं स्वतःच तिथवर येतील.

दुसरी एक काळजी मला जास्त वाटते. लिमरिक विसरलं जात नाही, त्यामुळे त्यातली चूकही विसरली जात नाही. गाजराची गोष्ट घ्या:

रात्रीच विमानं पाडली चार,
म्हणाले, "गाजरं खाल्लीत फार";
  बातमी पसरली,
  ताटात उतरली,
डोळ्यांच्या मागे होतं रडार!

हे माझंच आहे. विमानात बसवलेल्या रडारच्या मदतीने जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने नोव्हेंबर 1940 मध्ये रात्री शत्रूचं विमान पाडलं. रडारची गोष्ट बाहेर सांगायची नव्हती, म्हणून वैमानिक गाजरं खातात आणि त्यांना मांजरासारखं अंधारात दिसतं, असं पसरवलं गेलं. अन्नखात्याकडेही गाजरं उदंड होती, त्यांनीही प्रचार उचलून धरला. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, एवढं खरं. पण पोटभर गाजरं खाऊन कुणाला अंधारात जास्त दिसू लागत नाही. इतक्या वर्षांनीही घरोघरी मुलांना तेच सांगून गाजर खायला घालतात.

आता माझ्या कवितेकडे पाहा. "पाडली चार" असं मी का लिहिलं? "फार" आणि "रडार" ला जुळतं म्हणून. कनिंगहॅमने त्या रात्री चार पाडलेली नाहीत. मीही हत्तीच मारला. आणि पुष्कळ लोक यापुढे असंही जोडतात की जर्मन या थापेला फसले. तसा पुरावा नाही. म्हणून मी शत्रू फसल्याचं कवितेत येऊ दिलं नाही, आणि चार मात्र येऊन बसले.

तसंच जेन्किन्सच्या कानाचं. 1731 मध्ये स्पॅनिश पहारेकऱ्यांनी रॉबर्ट जेन्किन्स या ब्रिटिश कप्तानाचा कान कापला आणि 1739 मध्ये ब्रिटन-स्पेन युद्ध सुरू झालं तेव्हा ती तक्रार पुन्हा वर काढली गेली. त्याने तो कान जपून ठेवून संसदेत दाखवला, ही गोष्ट इतकी रंगतदार आहे की प्रत्येक मूल तीच लिहील. पण संसदेत तसं घडल्याची नोंद सापडत नाही. आणि युद्ध खरं तर व्यापारासाठी होतं. कानावर पाच ओळी लिहिल्या की व्यापाराला जागाच उरत नाही.

जुनी वही

कंदील, यावरून एक सुचलं. प्रत्येक लिमरिकखाली मुलांनी एक गद्य ओळ लिहायची: "यातलं काय खरं, आणि काय यमकासाठी." तुम्ही आत्ता जे केलंत तेच. मला तर तुमच्या कवितेपेक्षा तिच्याखालचा कबुलीजबाब आवडला.

रानपाखरू

दोन दिवस विचार केला. माझा विरोध पूर्ण गेलेला नाही, पण तो आता कुठे आहे ते नीट सांगता येईल.

काही विषयांना हा घाट लावूच नये. छळछावण्या, हिरोशिमा-नागासाकी, 1943 चा बंगालचा दुष्काळ. तिथे विनोद रोखावा असा सत्ताधारी सापडेल हो, पण पाच ओळींत त्या सत्ताधाऱ्यापर्यंत पोचायच्या आधी माणसांच्या ढिगावरून चालत जावं लागतं. मुलांना ते जमणार नाही, मोठ्यांनाही जमत नाही. हे विषय धड्यात असावेत, सविस्तर असावेत, पण त्या दिवशी वही बंद.

आणि वर्गात एखादं मूल असं असतं ज्याला हसायचं नसतं. घरात काही घडलेलं असेल, कुणी सैन्यात असेल. त्याला "तूही गमतीचं लिही" म्हणू नका. पाच ओळी त्याच, मात्रा त्याच, पण हसवायची सक्ती नको. घाट रिकामा ठेवा, त्यात काय भरायचं ते त्याला ठरवू दे.

मात्रागण

रानपाखरू, ही शेवटची सूचना छंदाच्या अंगानेही पक्की आहे. लिमरिकमध्ये सगळा भार पाचव्या ओळीवर असतो. मधल्या दोन आखूड ओळी घाईने पळवतात आणि पाचवी एकदम रुंद होते. कान तिथे हशा मागतो. त्या जागी हशा आला नाही, दुसरंच काही आलं, तर ऐकणारा जिन्याची एक पायरी चुकल्यासारखा थबकतो. हे मुद्दाम करता येतं. सर्व मुलांना जमेल असं नाही, पण एखाद्याला जमेल.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

मंडळी, आठवडाभर धागा वाचत होते, उत्तर द्यायला आज सवड झाली.

काल तास घेतला. आधी नवा कागद दिला. त्यात "तोफा सुरू झाल्या" काढून "ब्रिटिश आरमाराने तोफा डागल्या" केलं, आणि ब्रिटिशांच्या बाजूने फक्त एक खलाशी जखमी झाला, हेही घातलं. मागच्या कागदावर ते राहून गेलं होतं. पाचशे आणि एक हे आकडे शेजारी शेजारी दिसले तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबली.

मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर नामं लिहिली. "मेला" फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून मी सांगितलं की हा शब्द वापरायला बंदी नाही, पण जो वापरेल त्याने कोण मेला ते सांगायचं. कुणीही वापरला नाही. झेब्र्याची कविता वाचून दाखवली. भरपूर हसले. मग गाईला का रंगवलं ते विचारलं, आणि कंदील, तुम्ही म्हणालात तसंच झालं, पोरं तिथवर स्वतः आली. खालची गद्य ओळ मुलांना इतकी आवडली की काहींनी कविता चार ओळींची आणि कबुली दहा ओळींची लिहिली. ज्या मुलाचं पहिलं लिमरिक होतं त्याने खाली लिहिलंय: "तास हा शब्द दोन अर्थांनी घेतला. बाकी खरं. पण तोफा कोणाच्या ते लिहायचं राहिलं." मी त्याला दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीला मी रानपाखरूंची मुभा दिली होती. हसवायचं नसेल तर नको. तिने त्या मुलाच्या कवितेच्या पाचव्या ओळीपासून सुरुवात केली:

तासाच्या आतच लढाई निकाली,
धड्यामध्ये दोनच ओळींत आली;
  पाचशे जणांची
  आणि त्या घरांची
मोजदाद कोणाच्या वहीत झाली?

आधीच्या कवितेला हसलेला तोच वर्ग, तोच ठेका. तिसऱ्या-चौथ्या ओळीला काही चेहरे हसायच्या तयारीत होते. पाचवीनंतर कुणीच हसलं नाही. त्या मुलानेच सर्वांत आधी विचारलं, "ही माझ्या कवितेशेजारी लावायची का?" आता दोन्ही कागद वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत.

तिच्या गद्य ओळीत एवढंच आहे: "यात यमकासाठी काही नाही."

रानपाखरू

ताई, त्या मुलीला सांगा, मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली.

मात्रागण

20, 20, 10, 10, 20. निकाली, आली, झाली. मी ज्यांच्यावर एवढं बोललो तीच क्रियापदं, तेच फुकटचं यमक. "झाली" शेवटी आलंय आणि ते प्रश्नचिन्हावर उभं आहे. नामांचा नियम फळ्यावर राहू द्या, पण तिला लावू नका.

कंदील

माझ्या कवितेतले चार मी आजच काढले. नवी पहिली ओळ: "एकच विमान, नि बातम्या फार". दुसरीचं यमक आता पुन्हा शोधावं लागेल. शोधतो.